बाराव्या लेव्हलचा थांबा

खेळात लेव्हल तेवीस होत्या. रंग दोन, काळा आणि पांढरा. मधला करडा धरला तर तीन. चौकोन दोन, थोरला सोळा ठिपक्यांचा आणि धाकटा बारा ठिपक्यांचा. खड्डे एकशे चार, भिंती एकशे अडुसष्ट, दारं तेवीस. आवाज चार, आणि ते चारही स्टीलच्या डब्याच्या झाकणावर बोटांनी वाजवून काढलेले. शब्द एकही नव्हता. खेळून पाहिलेली माणसं पंचवीस. त्यांपैकी मागे वळलेली शून्य.

या शेवटच्या शून्यानं संध्या तायडेचा अख्खा जानेवारी खाल्ला होता.

संध्या मूळची अकोल्याची. अमरावतीला पदार्थविज्ञानात एमएस्सी केलं आणि तिथंच राहिली. गाडगेनगरात एक खोली, राजापेठेतल्या एका क्लासमध्ये मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला बसणाऱ्या मुलांना फिजिक्स शिकवण्याचं काम, आणि उरलेल्या वेळात हा खेळ. तीन वर्षं ती तो बनवत होती. बंगळुरूला छोट्या, एकट्यादुकट्यानं बनवलेल्या खेळांचं एक प्रदर्शन भरणार होतं आणि खेळ पाठवायची शेवटची तारीख होती एकतीस जानेवारी.

खेळ दिसायला अगदी साधा होता. काळ्या पडद्यावर पांढरी जमीन, आणि तिच्यावर थोरला चौकोन, जो खेळणाऱ्यानं चालवायचा. डावं, उजवं आणि उडी, एवढी तीनच बटणं. कुठंही सूचना नाही, बाण नाही, गुण नाहीत. पहिल्या लेव्हलला एका चौकोनाएवढी भिंत येते, माणूस बटणं दाबून पाहतो आणि त्याला उडी सापडते. दुसऱ्या लेव्हलला भिंत दुप्पट उंच असते, उडी पुरत नाही. तेवढ्यात डावीकडून धाकटा चौकोन सरकत येतो आणि भिंतीला टेकून उभा राहतो. त्याच्यावर चढलं की भिंत पार होते, मग तो आपणहून मागोमाग येतो. पुढं पाचव्या लेव्हलला एक फळी असते, ती दोघांच्या वजनानंच खाली बसते. आठव्या लेव्हलला धाकटा अंधारात पुढं चालतो आणि त्याच्या टकटकीवरून खड्डा कुठं आहे ते कळतं. शिकवायचं काही नाही, जागा अशी मांडायची की माणूस आपला आपण शिकेल, हे संध्यानं कसोशीनं पाळलं होतं. एखाद्या भिंतीची उंची चार ठिपक्यांनी कमीजास्त करण्यात तिचे आठ-आठ दिवस गेले होते.

आणि मग बारावी लेव्हल. तिच्यात एक लांब जिना होता. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर धाकटा चौकोन थांबतो. आवाज होत नाही, पडदा हलत नाही, काही काही होत नाही. तो फक्त यायचा थांबतो. तिथून पुढं बाराव्यात आणि नंतरच्या चार लेव्हलमध्ये दोघांची गरज पडेल अशी एकही भिंत संध्यानं ठेवली नव्हती. सगळे खड्डे एकट्यानं ओलांडता येणारे. थेट सतराव्या लेव्हलला दुप्पट उंचीची भिंत येते, आणि माणूस तिच्यापाशी उभा राहून वाट पाहतो, तेव्हा लक्षात यावं की आपण केव्हापासून एकटेच चाललो आहोत. खेळाची गोष्ट म्हणाल तर एवढीच होती. बाकीच्या बावीस लेव्हल या एका लेव्हलसाठी होत्या.

संध्याचा हिशेब असा होता की दहातला एक तरी माणूस बाराव्यातच थबकेल, मागे वळेल, जिन्यापर्यंत जाईल. म्हणून तिनं परतीची वाट बंद केली नव्हती. वाटेत एक उंच कडा होता, पण दहा-बारा प्रयत्नांत तो चढता येत होता. खेळ प्रत्येक खेळणाऱ्याची नोंद ठेवत होता: कुठल्या लेव्हलला किती वेळ, कुठं किती थांबणं, किती उड्या आणि त्यांतल्या जागच्या जागी किती, किती वेळा पडणं, आणि दहा पावलांहून जास्त उलटं चालणं. या शेवटच्याला तिनं नाव दिलं होतं ‘मागे वळणे’.

पंचवीस जणांच्या नोंदीत त्या नावापुढं पंचवीस शून्यं होती. सतराव्या लेव्हलला अकरा जणांनी हात वर केला. रोहित नावाचा एक हुशार मुलगा म्हणाला, “मॅडम, बग आहे. तो छोटावाला लोडच नाही झाला.” बाकी दहा जणांचं म्हणणंही तेच. उरलेल्या चौदांनी भिंतीला वळसा घालून जाणारी अवघड वाट शोधली आणि पुढं निघून गेले. चढायची पायरी गेल्याचं अकरा जणांना कळलं होतं. सोबतीला कोणी होतं, हे कोणालाच आठवलं नव्हतं.

पंचविसावी नोंद वर्षालीची होती.

वर्षाली धामणगाव रेल्वेची. एमएस्सीच्या पहिल्या वर्षापासून चार वर्षं दोघी एका खोलीत राहिल्या. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास एका टेबलावर, डबा एक, छत्री एक. खेळातले चारही आवाज वर्षालीच्या डब्याच्या झाकणाचे, तिच्याच बोटांचे, तेव्हा फोनवर सहज टिपून ठेवलेले. मग तिला पुण्याला नोकरी लागली. भांडण नाही, रुसवा नाही. सुरुवातीला रोज फोन व्हायचा, मग रविवारी, मग सणावारी. मग नुसतंच एकमेकींच्या फोटोखाली बदामाचं चिन्ह. तुटलं कुठल्या तारखेला हे संध्याला शोधूनही सापडलं नसतं, कारण तुटलं असं काही नव्हतंच. खेळ तिथूनच निघाला होता, पण हे तिनं वर्षालीला सांगितलं नव्हतं. सांगायचं असतं तर खेळ कशाला केला असता?

वर्षालीनं खेळ एका बैठकीत संपवला आणि लगेच लिहिलं, “भारी झालाय गं. माझा डबा काय गोड वाजतोय! एक सांगू का? बाराव्याच्या शेवटी एखादी ओळ टाक. ‘तो मागे राहिला’ असं काहीतरी. नाहीतर लोकांना कळत नाही.”

संध्यानं नोंद उघडली. वर्षाली तायवाडे. लेव्हल बारा: अडतीस सेकंद. मागे वळणे: शून्य.

तिनं ओळ टाकली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत तीन शब्द, तेराव्या लेव्हलचं दार उघडण्याआधी. ते शब्द तिला पुस्तकाच्या शेवटी छापलेल्या उत्तरांसारखे दिसले. प्रश्न सोडवायच्या आधीच पान उलटून दाखवल्यासारखे. तरी तिनं खेळाच्या दोन प्रती करून ठेवल्या, एक ओळीची आणि एक बिनओळीची, आणि स्वतःशी ठरवलं: एकतीस तारखेच्या आत एक जरी माणूस न सांगता मागे वळला, तर बिनओळीची पाठवायची. नाहीतर ओळीची. आपली गोष्ट शब्दांवाचून एकालाही कळत नसेल, तर ती गोष्ट नाही, आपला समज आहे, हे मान्य करायचं.

सोमवारी क्लासमध्ये तिनं नेहमीप्रमाणे आधी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलं. दर सोमवारी ती हे लिहायची, मुलांना पाठ होतं: ‘अडलं तर सोडा. पुढे चला. मागे वळायला वेळ नाही.’ एकशे ऐंशी प्रश्न, एकशे ऐंशी मिनिटं. एका प्रश्नावर रेंगाळला तो संपला. दोन वर्षं ती हेच शिकवत होती, आणि मुलं शिकतही होती. रोहितनं तर परवाच्या सरावपरीक्षेत अठरा मिनिटं वाचवली होती.

शेवटचं अक्षर लिहून झालं आणि खडू तिथंच राहिला.

मागे बसलेली प्राजक्ता म्हणाली, “मॅडम, पुढे?”

संध्यानं वळून बाकांकडे पाहिलं. खेळ खेळलेले चोवीस जण याच बाकांवरचे होते. पंचविसावी चार वर्षं तिच्याच टेबलावर, तिच्याच शेजारी, घड्याळ लावून प्रश्न सोडत पुढं चालली होती. व्हर्निअरनं काही मोजायच्या आधी त्याचे जबडे मिटवून शून्य बघायचं असतं. शून्यच सरकलेलं असेल तर पुढची सगळी मापं चुकतात, सगळी सारखीच चुकतात, आणि म्हणूनच खरी वाटतात. हे ती अकरावीच्या मुलांना पहिल्याच तासाला सांगायची. आणि स्वतः तिनं काय केलं होतं? मागे वळू नका असं ज्यांना शिकवलं, त्यांनाच मागे वळता का म्हणून तपासलं होतं.

म्हणजे दुसरी माणसं हवी होती. दुपारी खोलीवर येऊन तिनं फोनमधली नावं चाळली. नावं एकशे त्रेचाळीस. विद्यार्थी आणि त्यांचे पालक वगळले तर एकावन्न. गॅस, मेस, रिक्षा, बँक आणि कुरिअर वगळले तर एकोणतीस. गेल्या सहा महिन्यांत ज्यांच्याशी बोलणं झालं अशी चार. त्यांत आई, दादा आणि वर्षाली. चौथे बाबा.

शनिवारी सकाळी ती अकोल्याच्या गाडीत बसली.

तिचे वडील, देवमन तायडे, एसटीत कंडक्टर होते. चौतीस वर्षं अकोला डेपो, बहुतेक अकोट ते अमरावती याच रस्त्यावर. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. कौलखेडच्या घरात आता ते एकटेच असत. संध्याचा भाऊ सुगत नागपूरला नोकरीला. त्याला मुलगा झाला तेव्हा आई, इंदूबाई, दोन महिन्यांसाठी म्हणून तिकडे गेली, त्याला दोन वर्षं झाली. सून कामावर जाते, पोराला कोण बघणार? बाबांनी कधी कुरकूर केली नाही. विचारलं तर म्हणायचे, नातू सोडत नाही तिला. चार माणसं तीन गावी होती आणि भांडण कुणाचं कुणाशी नव्हतं.

बाबा ओट्यावर पेपर वाचत बसले होते. संध्याला पाहून चष्मा काढला.

“काय व, अचानक? बिमार-गिमार हायेस का?”

“नाई बाबा. काम होतं तुमच्याशी.”

“माह्याशी?” त्यांना खरंच नवल वाटलं. निवृत्त झाल्यापासून कुणाचं काम पडलं नव्हतं.

त्यांनी एकट्यापुरती केलेली भाजी दोघांत वाटून जेवण झालं. मग संध्यानं आपला जुना लॅपटॉप स्टुलावर ठेवला, त्यात बिनओळीची प्रत घातली, आणि सांगितलं की हा खेळ खेळून पाहायचा आहे. कसा खेळायचा ते सांगणार नाही, चुकलं तरी बोलणार नाही, मागे बसून फक्त बघणार.

“म्हंजे चेकिंगवाला मांगं बसला म्हन,” बाबा म्हणाले. तरी नीट मांडी घालून बसले, हात पुसले, आणि शर्टाची वरची गुंडी लावली.

पहिली लेव्हल पार करायला मुलांना सहा-सात सेकंद लागत. बाबांना नऊ मिनिटं लागली. ते बटण असं दाबत जसं काही तिकिटाचं मशीन आहे. दाबून धरत, आणि कागद बाहेर यायची वाट पाहावी तसं थांबत. खड्ड्यात पडले की “अर्र” म्हणत आणि संध्याकडे न बघता पुन्हा सुरू करत. दुसऱ्या लेव्हलला धाकटा चौकोन आला तेव्हा त्यांनी पडद्याकडे वाकून पाहिलं.

“हा कोन हाय?”

संध्यानं वहीत वेळ लिहिली.

“बरं, नको सांगू. ये बापा, ये.”

तिसऱ्या लेव्हलपासून संध्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. मुलं दार दिसलं की धावत सुटत आणि आत घुसत. अकराव्या लेव्हलपर्यंत धाकटा कितीही मागे असला तरी दारातून आपोआप पुढच्या लेव्हलला पोचत असे. तशी सोय तिनंच केली होती, उगाच खोळंबा नको म्हणून. बाबा मात्र प्रत्येक दाराशी थांबत. धाकटा सरकत सरकत शेजारी येऊन उभा राहीपर्यंत बटणाला हात लावत नसत. मग दोन बोटांनी स्टुलावर हळूच दोनदा ठोकत आणि आत जात. सहाव्या लेव्हलपर्यंत त्यांनी हे प्रत्येक वेळी केलं. तुम्ही गेलात की तो येतोच, असं सांगायला संध्याची जीभ वळवळली, पण बोलायचं नाही हे ठरलं होतं. तिनं वहीत लिहिलं: दाराशी थांबणे, चारपैकी चार.

रविवारी सकाळी शेजारचे खुशालराव डोकावले. त्यांनी जयभीम घातला आणि देवमन पोरांचा खेळ खेळताना पाहून विचारलं की हे काय नवीन खूळ. बाबा पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, “ड्युटीवर हावो. मंग या.” खुशालराव हसत गेले. बाबांची बोटं आता बरीच सरावली होती. अंधारातली आठवी लेव्हल तर त्यांनी पहिल्याच फेरीत पार केली, डोळे मिटून, नुसती टकटक ऐकत. आजवर कुणालाच ते जमलं नव्हतं.

बारावी लेव्हल सुरू झाली तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. संध्यानं वही खाली ठेवली.

जिना आला. थोरला चौकोन पायऱ्या चढू लागला. तिसऱ्या पायरीवर धाकटा थांबला. बाबा चढत राहिले. जिना संपला, उजवीकडे वाट वळली, कडा आला; कड्यावरून उडी मारून ते खाली उतरले. चार खड्डे ओलांडले. दुसऱ्यात दोनदा पडले. मग दार दिसलं आणि ते सरळ दाराकडे निघाले. संध्यानं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. रस्त्यावर कुणीतरी सायकल धूत होतं.

बटणांचा आवाज थांबला होता.

थोरला चौकोन दारापासून दोन पावलांवर उभा होता. बाबांची दोन बोटं स्टुलावर टेकलेली होती, ठोकली नव्हती.

“एक कमी हाय,” ते म्हणाले.

खेळातल्यासारखं नाही, गाडीत म्हणावं तसं म्हणाले. आणि डावीकडचं बटण दाबलं.

चार खड्डे उलटे ओलांडले. कड्याशी आले. कडा खालून उंच होता. पहिली उडी पुरली नाही, दुसरी नाही, पाचवी नाही. संध्या मनात मोजत होती. अकराव्या उडीला थोरला वर चढला. तिथून जिन्याकडे. तिसऱ्या पायरीवर धाकटा होता तिथंच होता. या वेळेपर्यंत इथं कुणी परत आलेलं नव्हतं. परत आल्यावर काय व्हावं याचा विचार संध्यानंही केलेला नव्हता. त्यामुळे काहीच झालं नाही. बाबांनी थोरल्याला त्याच्या शेजारी नेऊन उभं केलं, दोन पावलं पुढं जाऊन पाहिलं, पुन्हा मागं आले, पुन्हा पुढं गेले. धाकटा हलला नाही.

“हा चालत काहून नाई?”

“मले सांगता येत नाई बाबा. नियम हाय खेळाचा.”

“रुसला का?”

बाबांनी उत्तराची घाई केली नाही. गाडी स्टँडवर लावून पाय मोकळे करावेत तसे मागे रेलले आणि सांगू लागले. सत्त्याण्णव साली मूर्तिजापूरला गाडी दहा मिनिटं थांबली होती. गर्दी फार. एक बाई पुढच्या सीटवर, तिचा नवरा पार मागे. तो भजी आणायला उतरला. यांनी एकदाच मोजलं, घाईत मोजलं, आणि बेल दिली. बोरगावला तिकीट तपासताना बाईला विचारलं, सोबत कोण आहे, तर ती म्हणाली, मागं बसलेत. मागं कोणी नव्हतं.

“तिले वाटलं हायेत मांगं. पंचवीस किलोमीटर तिले वाटून राहिलं. ते काहून वळून पायन? मोजनं माहं काम होतं.”

“मग?”

“मंग काय. आला तो दुसऱ्या गाडीनं. भजे तसेच हातात. मले म्हने, घ्या मास्तर, तुमी बी घ्या.” ते हसले, आणि मग हसले नाहीत. “तवापासून दोनदा मोजतो. बेल द्याच्या पयले.”

पडदा मंद झाला. एक मिनिट कुठलंच बटण दाबलं नाही की खेळ झोपी जात असे. बाबांनी उडीचं बटण दाबलं, थोरल्यानं जागच्या जागी एक उडी मारली आणि पडदा उजळला. धाकटा शेजारी तसाच.

“रुसला नाई, थकला बी नाई दिसत,” ते म्हणाले. “मंग याचं गाव आलं असन. पन गाव आलं तं सांगून उतरा लागते. असं न सांगता उतरते का कोनी?”

“उतरते बाबा,” संध्या म्हणाली.

बाबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं ते तिनं मोजलं नाही. तिनं वही उचलली आणि लिहिलं की बाराव्या लेव्हलच्या नवव्या मिनिटाला परीक्षकानं खेळणाऱ्याशी एक वाक्य बोलून नियम मोडला. त्यापुढची नोंद शुद्ध धरू नये. मागे वळणं मात्र त्याच्या आधी झालं होतं. ते धरता येत होतं.

बाबा पुन्हा पडद्याकडे वळले. दर मिनिटाला पडदा मंद होई, आणि दर मिनिटाला ते एक उडी मारून त्याला जागं करत. त्यांनी आणखी काही विचारलं नाही, आणि दाराकडेही गेले नाहीत. शेवटी दुपारच्या गाडीची वेळ झाली म्हणून संध्याच उठली. खेळ ज्या लेव्हलला थांबला तिच्या सुरुवातीपासून पुन्हा सुरू होतो, असं तिनं सांगितलं. बाबा म्हणाले, राहू दे हे मशीन इथंच, तुझ्यापाशी दुसरं आहे ना. तिनं लॅपटॉप वरच्या भाडेकरूच्या वायफायला जोडून दिला आणि हेही सांगून ठेवलं की तुम्ही किती खेळलात त्याची नोंद मला तिकडे आपोआप येत जाईल.

“म्हंजे वेबिल,” बाबा म्हणाले. दर टप्प्याला गाडीत किती माणसं आहेत हे कंडक्टरनं ज्या कागदावर लिहायचं, त्याला ते वेबिल म्हणत. “भरून पाठवत जाईन.”

स्टँडपर्यंत ते सोडायला आले. गाडी निघाली तेव्हा कंडक्टर पुढून मागे माणसं मोजत आला, संध्यापाशी आला, पुढं गेला. तिनं वळून मागच्या काचेतून पाहिलं. बाबा फलाटावर उभे होते, आणि गाडी वळेपर्यंत उभेच होते.

रात्रीची वाट न पाहता, खोलीवर पोचताच चप्पल पायात असताना तिनं ओळीची प्रत पुसून टाकली आणि बिनओळीची बंगळुरूला पाठवली. पोच लगेच आली. मग तिनं वर्षालीला कळवलं की ओळ टाकली नाही. वर्षालीचं उत्तर आलं, अंगठ्याचं चिन्ह. संध्यानं त्याखाली लिहायला घेतलं की एक माणूस मागे वळला, मग ते खोडलं, आणि तू कशी आहेस एवढंच लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही. कामात असेल.

आठवडाभर क्लास, मेस, खोली. सोमवारी तिनं फळ्याच्या कोपऱ्यात काही लिहिलं नाही. मुलांनी विचारलं नाही. बुधवारी बाबांना फोन केला. जेवलात का, जेवलो. थंडी आहे का, आहे. आई कधी येते म्हणते, असं तिनं विचारलं, तर म्हणाले, पोराला दात येऊन राहिले, आता कशी येईल. खेळ कुठवर आला, असंही तिनं विचारलं.

“चालू हाय,” ते म्हणाले. “घाई काय हाय?”

पुढच्या सोमवारी दुपारी तिनं अकोल्याची नोंद उघडली. नोंद सात दिवसांची होती. रोज दुपारी चारच्या सुमारास खेळ सुरू झालेला, रोज लेव्हल बारा.

मागे वळणे: सात. धाकट्या चौकोनाशेजारी थांबणे: चार तास बावीस मिनिटं. जागच्या जागी उड्या: तीनशे एक. लेव्हल तेरा: उघडलेली नाही.